मागची लाल दोरी

रानडुकराने भीमसिंगला उलथवलं तेव्हा त्याचे दोन्ही मुलगे हाकेच्या अंतरावर होते, आणि तरी दोघांपैकी एकालाही वेळेवर पोचता आलं नाही. मक्याच्या ताटांत खळबळ उडाली, म्हातारा एकदाच ओरडला, मग नुसतं डुकराचं घशातलं खुरखुरणं ऐकू येऊ लागलं. थोरला बादल काठी घेऊन मक्यात घुसला. धाकटा भारत कुऱ्हाड घेऊन त्याच्या पाठोपाठ. बाप उताणा पडला होता आणि डुक्कर त्याच्या पायांत मुंडकं घालून मान वर झटकत होतं. दर झटक्याला म्हाताऱ्याचं अख्खं अंग जमिनीवरून उचललं जात होतं.

बादलने सगळा जीव एकवटून काठी डुकराच्या पाठीत घातली. काठी मोडली, डुकराला काही झालं नाही. ते वळलं आणि सरळ बादलच्या अंगावर आलं. भारतचा पहिला घाव त्याच्या हाडावरून निसटला, दुसरा मानेत रुतला. तरी ते थांबेना. बादलने मोडक्या काठीचं टोक त्याच्या डोळ्यात खुपसलं आणि अंगाचा भार देऊन दाबून धरलं. भारत घाव घालत राहिला. डुक्कर आडवं झालं, पाय झाडून गार पडलं, तरी तो घालतच राहिला. रक्त आणि केस उडून दोघांच्या तोंडावर बसले.

"मेलं ते. बापूले पाह्य," बादल ओरडला, तेव्हा कुठे भारतचा हात थांबला. त्याचं हे असंच होतं. हात उगारला की तो खाली कधी आणायचा, हे त्याचं त्यालाच कळत नसे. सगळा तांडा हे ओळखून होता आणि त्याच्याशी भांडताना जरा लांब राहूनच भांडत होता.

भीमसिंगची डावी मांडी गुडघ्यापासून पार वरपर्यंत उघडी पडली होती. रक्त वाहत नव्हतं, उसळत होतं. बादलने बापाचा पटका ओढून काढला, जांघेशी आवळला आणि काठीचा तुकडा घालून पीळ दिला. उसळी मंदावली, पण थांबली नाही. म्हातारा शुद्धीवर होता.

"डुक्कर गेलं का?" त्याने विचारलं.

"मेलं, बापू."

"मका वाचला मंग," म्हातारा म्हणाला. आपला पाय कुठे आहे याची त्याला खबर नव्हती, मका कुठे आहे याची होती.

"भारत, गाडी काढ," तो म्हणाला.

गाडी म्हणजे भारतची चारचाकी फटफटी. मोटरसायकलसारखं हँडल, मोटरसायकलसारखीच टांग टाकून बसायचं, पण चाकं चार, टायर जाडजूड, आणि मागे लोखंडी जाळीचं कॅरियर. जंगलाकडे पाहुण्यांना चिखलातून फिरवून आणायला कोणी रिसॉर्टवाल्याने ती आणली होती. रिसॉर्ट बंद पडलं आणि गाडी तांड्यात आली. भारत बायकोपेक्षा गाडीला जास्त पुसतो, असं त्याची बायको बबिताच सांगायची. तांड्याने महिनाभर थट्टा केली आणि पाऊस लागल्यावर तोंडं मिटली. घाटंजीच्या या अंगाला काळी माती एकदा भिजली की बैलगाडी आसापर्यंत रुतते आणि मोटरसायकल नाल्याच्या पलीकडेच टाकून यावं लागतं. शेत टेकडीच्या मागे, मध्ये नाला, नाल्यानंतर डांबरी रस्ता, आणि त्या रस्त्याने घाटंजीचा दवाखाना. हे सगळं पार करू शकणारी एकच वस्तू त्या शेतात होती, ती ही गाडी. ती चालू झाली तर बाप वाचेल, हे दोघा भावांना न बोलता कळलं होतं.

गाडी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर होती, मागचं अंग बोरीच्या काटी कुंपणाला लावून उभी. दोघांनी बापाला उचलून तिथवर आणला आणि तिच्या पुढ्यात गवतावर निजवला. भारतने टांग टाकली, चावी फिरवली, बटन दाबलं.

घर्र, घर्र, घर्र. इंजिन फिरत होतं, पेटत नव्हतं.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने बटन असं दाबून धरलं की बादलला त्याचा हात धरून बाजूला करावा लागला. "बॅटरी मरन, लेका. थांब जरा."

"सकाळी उभी केली तवाच आपोआप बंद पडली होती," भारत म्हणाला. "मले वाटलं मीच बंद केली." एवढं बोलून त्याने मान वळवली आणि थोरल्या भावाकडे पाहिलं. "काल हिचा पलग तूच काढला होता ना?"

काढला होता. फवारणीच्या पंपांची इंजिनं खोलायची बादलला सवय होती, म्हणून बापानेच त्याला प्लग साफ करायला सांगितलं होतं. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण प्लग बसवल्यावर बादलने गाडी मागितली, खताची पोती आपल्या वाटणीच्या तुकड्यात न्यायला, आणि भारत सगळ्यांसमोर म्हणाला, माझ्या गाडीले खताचा वास लागते. घरात बंजाऱ्यांची गोरबोली चाले, पण भांडण आलं की दोघे भाऊ वऱ्हाडीत उतरत, शिव्यांना तीच बरी पडते. त्याच वऱ्हाडीत बादल काल म्हणून गेला होता, "पाह्यतोच तुही गाडी किती दिवस चालते ते." रागात माणूस काहीही बोलतो. बोललेलं मात्र समोरचा जपून ठेवतो, आणि भारतने ते रात्रभर उशाशी घेऊन ठेवलं होतं.

"पलग बसवून तूच चालू करून पाह्यली होती," बादल म्हणाला. "आता बोलत बसू नको. पेट्रोल पाह्य."

टाकीचं झाकण काढून गाडी हलवली. पेट्रोल होतं. टाकीखालची पेट्रोलची चावी उघडी होती. हँडलवरचं लाल बटन चालूच्या खुणेवर होतं. बादलने ते दोनदा खालीवर केलं, काही फरक पडला नाही. त्याने सीटखालचा पाना घेऊन प्लग काढला. टोक पेट्रोलने ओलं होतं. म्हणजे पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत होतं. त्याने प्लग सदऱ्याला पुसला, वायरच्या टोपीत बसवला, इंजिनच्या अंगाला टेकवून धरला.

"मार बटन."

घर्र, घर्र. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी उडायला हवी होती. काही उडालं नाही.

"करंटच नाई येऊन राह्यला," बादल म्हणाला. त्याच्या हातावरचं बापाचं रक्त वाळून चर्र चर्र ओढत होतं. मागे म्हातारा कण्हायचा थांबला होता, आणि ते कण्हण्यापेक्षा जास्त भ्यायला लावणारं होतं.

भारतने गाडीला लाथ मारली. मग दुसरी. पुढचा दिवा फुटून काच गवतात पडली. ज्या गाडीवर चिखलाचा शिंतोडा तो राहू देत नव्हता, तिच्या टाकीवर त्याने मुठीने पोचा पाडला. "चाल," तो तिला म्हणत होता, "चाल ना वं."

त्याच वेळी त्यांची आई चंदाबाई न्याहारी घेऊन टेकडीवरून उतरली. डोक्यावर टोपली, टोपलीत भाकरी आणि ठेचा. खाली काय चाललंय ते दिसताच टोपली तिथेच सुटली आणि ती धावत आली. तिने आरडाओरडा केला नाही. नवऱ्याशेजारी बसली, पटका कसा भिजलाय ते पाहिलं, आणि त्याच्या जांघेवर आपला गुडघा रोवून सगळा भार टाकला. रक्त पहिल्यांदाच खरं थांबलं.

"उठू नको, याडी," बादल आईला म्हणाला. "काही झालं तरी उठू नको."

"मी नाई उठत. तुमी गाडी चालू करा."

शनिवार होता. शनिवारी पहाटे चंदाबाई घरातल्या चाक असलेल्या प्रत्येक वस्तूला लिंबू, मिरच्या आणि बिबा ओवून बांधायची. बैलगाडीला, बादलच्या मोटरसायकलला, आणि या नव्या गाडीला सगळ्यात मोठी माळ. दोन्ही मुलं लहान असताना शनिवारी तिच्या हाताला भ्यायची. ओवताना मिरच्यांचा रस बोटांत इतका मुरायचा की दिवसभर ती कोणाचंही तोंड पुसायला आली तरी डोळे आणि ओठ झोंबायचे. तोंड पुसायचं म्हटलं की बादल घराभोवती पळायचा आणि ती हसत मागे लागायची. आज सकाळी ती गाडीच्या हँडलला माळ बांधत होती तेव्हा भारत कुरकुरला, मिरची हाताला लागते, मंग डोयाले लागते, मागं बांध, तिथी आयती दोरी हाये. मागच्या कॅरियरखाली एक लाल पिळाची दोरी लोंबत होती. आधीच्या मालकाने नजर लागू नये म्हणून बांधली असणार, असं सगळ्या तांड्याने ठरवून टाकलं होतं. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसालाही नजर लागते याचं तांड्याला बरंच समाधान वाटलं होतं. चंदाबाईने माळ त्या दोरीला बांधली आणि गाडीला हात जोडले.

आता मात्र माळेची आठवण कोणालाच नव्हती.

"खांद्यावर घेऊ बापूले," बादल म्हणाला. "याडी दाबून धरन. आपन दोघं नेऊ नाल्यापर्यंत."

"तिचा गुडघा सुटला का रक्त सुटते. चालता चालता कशी दाबन ती?" भारत म्हणाला. मग त्याचा आवाज चिरकला. "अन् जित्त्या बापाले खांद्यावर नेतेत का बे? तुले खांद्यावरच न्यायची घाई झाली काय?"

खांद्यावरून कोण जातो हे सगळ्यांनाच माहीत होतं. चंदाबाईनेही नाही म्हणून मान हलवली. बादलला भावाच्या बोलण्यातला पहिला भाग पटला आणि दुसऱ्याने तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याने ती गिळली. त्याने फोन काढला. टेकडीच्या या बाजूला रेंज असली तर असायची. आज होती.

अन्सार घाटंजीचा मेकॅनिक. रिसॉर्ट चालू होतं तेव्हा अशा गाड्या तोच सांभाळायचा. तांड्याची आणि त्याची जुनी ओळख, त्याच्या घरी ईदला भीमसिंगची बैठक ठरलेली. बादलने एका दमात सांगितलं. अन्सारने एकही फालतू प्रश्न विचारला नाही.

"मी गाडी घेऊन नाल्यापाशी निघतो. चाचाले तितवर आना," तो म्हणाला. "सेल मारते का? हां. पेट्रोल? हां. करंट नाई? पलग निकालके देखा? मंग आयक, बादलभाई, घाबरू नको. हँडलचं लाल बटन पाह्यलं? मंग दुसरी एकच चीज राह्यली. गाडीच्या मांगं जाय, मांगं कॅरियरच्या खाली…"

बादल फोन कानाला लावून गाडीच्या मागच्या बाजूला वळला. त्याचं पाऊल उचललेलं भारतने पाहिलं. त्याला एवढंच दिसलं की बाप मरतोय आणि भाऊ फोनवर बोलत बोलत निघून चाललाय. हातात प्लगचा पाना होता. तो त्याने बादलच्या तोंडावर मारला.

ओठ उभा फाटला. बादलच्या तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा एकदमच आला. फोन चिखलात पडला, त्यातून अन्सारचा आवाज एकदोनदा आला आणि भारतच्या टाचेखाली बंद झाला.

"कुठी चालला बे? काय केलं ते सांग," भारत ओरडत होता. "वायर कापली का? काय काढून नेलं?"

"येडा झाला का? मांगं पाह्यतो—"

दुसरा फटका कानावर बसला. बादल हा काही गाईचं वासरू नव्हता. त्याने भावाच्या पोटात डोकं घातलं आणि दोघे बोरीच्या काट्यांत जाऊन पडले. काटे पाठीत, मानेत, तळहातात घुसले. बादलने भावाचं मनगट चावलं, पाना सुटला. भारतने त्याचे केस धरून तोंड चिखलात दाबलं. लहानपणी याच धुऱ्यावर ते असेच लोळायचे आणि भीमसिंग दोघांच्या पाठीत एकेक रट्टा घालून सोडवायचा. आज सोडवणारा पलीकडे गवतावर पडला होता.

"भारत, सोड त्याले," चंदाबाई ओरडली. "मरन तो." ती अर्धी उठली. गुडघा उचलला तसं रक्त तिच्या घागऱ्यावर उडालं आणि ती किंचाळून पुन्हा खाली बसली. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला एकमेकांचा जीव घेणारी पोटची पोरं, आणि तिला हलता येत नव्हतं. ती जमिनीवर हात आपटत राहिली, मातीची ढेकळं उचलून मुलांच्या दिशेने फेकत राहिली. एकही ढेकूळ पोचलं नाही.

भारतने बादलच्या बरगड्यांत लाथ घातली. काहीतरी आत कडकन मोडलेलं बादलने स्वतः ऐकलं. तो कुशीवर वळला, त्याचा श्वास आत जाईना. डोकं गाडीच्या मागच्या चाकाला लागलं. भारत बाजूला झाला, बादलला वाटलं संपलं. मग त्याने पाहिलं की भारत कुऱ्हाड उचलायला गेलाय.

ती कुऱ्हाड अजून डुकराच्या रक्ताने ओली होती. भारतचे डोळे त्याने मक्यात पाहिले होते तसेच होते. हात एकदा उगारला की हा थांबणार नाही, हे बादलला जितकं माहीत होतं तितकं दुसऱ्या कोणाला नव्हतं. त्याने तोंड फिरवलं. कुऱ्हाड येताना बघायची नव्हती. आणि तोंड फिरवलं म्हणून त्याला दिसलं.

कॅरियरखाली एक काळी खुंटी होती, उघडी. तिच्यावरचं टोपण निघून, लाल दोरीच्या टोकाला लोंबत, बोरीच्या फांदीत अडकलं होतं. आणि दोरीला याडीची माळ. लिंबू काट्यात रुतून बसलं होतं, मिरच्या ताणल्या गेल्या होत्या. सकाळी भारतने गाडी मागे सरकवत कुंपणाला लावली, माळ काट्यांत गुंतली, दोरी ओढली गेली, टोपण निघालं आणि गाडी आपोआप बंद पडली. अन्सार हेच सांगत होता. कॅरियरच्या खाली.

बादलला सगळं एका क्षणात कळलं आणि त्याच क्षणी त्याला वाटलं की कळलं नसतं तर बरं झालं असतं. पलीकडे याडी बापाच्या रक्तात गुडघा रोवून बसली होती. तिने हात जोडून बांधलेल्या माळेनेच गाडी बंद पाडली, हे तिला समजलं तर बाप वाचला तरी ती वाचणार नव्हती.

त्याने हात वर केला, माळ मुठीत धरून हिसडली. दोरा तुटला. लिंबू, मिरच्या, बिबा, सगळं त्याने पँटच्या खिशात कोंबलं. दुसऱ्या हाताने टोपण खुंटीवर दाबलं. टक् असा बारीक आवाज आला.

"सापडलं," तो म्हणाला. फाटक्या ओठांतून शब्द फुटेना, म्हणून पुन्हा म्हणाला. "सापडलं. पलग बसव अन् बटन मार."

भारत कुऱ्हाड घेऊन त्याच्या डोक्याशी उभा होता. उगारलेला हात तसाच वर.

"भारत," गवतातून भीमसिंगचा आवाज आला. एवढा हळू तो उभ्या जन्मात कधी बोलला नव्हता. "भावाले… जित्ता ठेव."

कुऱ्हाड खाली आली, जमिनीत. भारतने प्लग हाताने पिळून बसवला, टोपी लावली, बटन दाबलं. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. कसली तक्रार नाही, खोकला नाही, काही नाही. त्या आवाजाने बादलच्या डोळ्यांत पाणी आलं.

भारतच्या तोंडावर मात्र आनंद नव्हता. तो भावाकडे पाहत होता. "म्हंजे तुले माईत होतं," तो म्हणाला. "कुठी हात घालाचा ते तुले बरोबर माईत होतं."

"आधी बापूले घे."

त्यांनी बापाला कॅरियरवर आडवं घेतलं. चंदाबाई त्याच्या जांघेवर दोन्ही हात दाबून मागेच उकिडवी बसली. बादल एक पाय टाकायला गेला तसा भारतने त्याला छातीवर लाथ मारून खाली पाडलं. मोडलेली बरगडी पुन्हा बोलली. "तू नाई चढाचं," भारत म्हणाला. "तू हात नाई लावाचा आता बापूले."

गाडी चिखल उडवत टेकडी चढली आणि दिसेनाशी झाली.

बादल तिच्या मागे धावला. धावला म्हणण्यापेक्षा पडला, उठला, पुन्हा पडला. एका हाताने कूस धरून, दुसऱ्याने झुडपं धरून तो टेकडी चढला. गाडीच्या चाकोऱ्यांत रक्ताचे थेंब होते, आधी जवळजवळ, मग लांब लांब. थेंब कमी झाले तसा त्याला धीर आला. याडीने दाबून धरलंय, त्याने स्वतःला सांगितलं. नाल्यात गुडघाभर गढूळ पाणी होतं, त्यात तो तोंडावर पडला आणि तोंडातलं रक्त धुऊन निघालं. पलीकडच्या काठावर हातापायांवर चढताना त्याला डांबरी रस्त्यावर अन्सारच्या पांढऱ्या गाडीचं टप दिसलं.

अन्सारची गाडी अजून तिथेच होती. मागचं दार सताड उघडं, सीट आडवी पाडून वर चादर अंथरलेली, आणि चादर कोरी. बादल तिथेच थांबला. ती गाडी घाटंजीच्या वाटेला लागलेली असायला हवी होती.

भीमसिंग रस्त्याच्या कडेला निजलेला होता आणि त्याचं डोकं चंदाबाईच्या मांडीवर होतं. तिने त्याच्या जखमेवरचे हात काढले होते. भारत चारचाकीवर तसाच बसून होता, हँडल धरून, समोर बघत. इंजिन चालूच होतं. ते बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

अन्सारने पुढे होऊन चावी फिरवली. मग सवयीने तो मागच्या बाजूला वाकला. मेकॅनिकचा हात, दुःखातही नादुरुस्त जागेकडेच जातो. "दोरीच निघाली होती ना?" तो बादलला बघून म्हणाला. "मी फोनवर तेच सांगून राह्यलो होतो. फोन काहून बंद झाला?"

"कोन्ती दोरी?" भारतने मान वळवली.

"हे लाल. मानूस गाडीवरून पडला तर ओढून गाडी बंद करायची असते. हे टोपन निघालं का करंट खतम. तुमाले सांगतलं नाई का कोनी?" अन्सारचा आवाज खाली गेला. तांड्याला नवीन असलेली गोष्ट आपण कधी सांगितली नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. "पन आपोआप नाई निघत ते. ओढावं लागते."

भारत गाडीवरून उतरला. चंदाबाईने मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते आणि कपाळावर, नाकातल्या फुलीवर, सगळीकडे रक्त होतं.

"मांगची लाल दोरी?" ती म्हणाली. "तिले तं म्या सकाळी—"

"म्या ओढली, याडी," बादल म्हणाला.

त्याचा आवाज त्याला स्वतःलाच मोठा वाटला. त्याने तो आणखी मोठा केला, कारण तिचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नव्हतं. "भारत गाडी उभी करत होता तवा मांगून म्या ओढून काढली. कालच्या रागानं काढली. मले का माईत होतं डुक्कर येईन म्हून."

अन्सारच्या हातात दोरी होती. तिच्या मध्यावर काळ्या दोऱ्याची तुटकी गाठ अजून होती आणि गाठीत मिरचीचा एक देठ अडकलेला. अन्सारने देठाकडे पाहिलं, चंदाबाईकडे पाहिलं, मग बराच वेळ बादलकडे पाहिलं. अंगठ्याने त्याने तो देठ निखळून टाकला आणि दोरी सोडून दिली.

भारत तोवर बादलवर तुटून पडला होता. गुद्दे, लाथा, जिथे लागेल तिथे. बादलने या वेळी हात वर केला नाही. अन्सारने भारतला पाठीमागून कवळ घालून ओढलं तरी त्याचे पाय हवेत लाथा झाडत होते. "खुनी हाये हा," तो ओरडत होता. "सोड मले, खुनी हाये हा."

चंदाबाई उठली. तिने नवऱ्याचं डोकं हळूच खाली ठेवलं, खाली खडे आहेत म्हणून आपल्या ओढणीची घडी करून त्याखाली सरकवली. मग ती बादलसमोर येऊन उभी राहिली. त्याला वाटलं ती काही विचारेल. तिने विचारलं असतं तर त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं असतं, एवढं त्याचं मन भरून आलं होतं. तिने विचारलं नाही. तिने उजवा हात मागे नेला आणि सगळ्या ताकदीने त्याच्या तोंडावर मारला.

हात फाटक्या ओठावर बसला. आधी नुसता मार लागला. मग जखमेत आग शिरली, बारीक, ओळखीची, वाढत जाणारी. एवढ्या रक्ताने माखूनही तिच्या बोटांतली सकाळची मिरची गेली नव्हती. बादलचे दोन्ही डोळे पाण्याने भरले. खिशातलं लिंबू चेपून मांडीला ओलं लागत होतं.

तिने पुन्हा हात उगारला.

लहानपणी शनिवारी हा हात तोंडाकडे आला की तो घराभोवती पळत सुटायचा. आज त्याने तोंड पुढे केलं आणि उभा राहिला.